मिनल आणि भिंतीवरचा मासा

आदरणीय धम्मरत्नदादा यांना
प्रितमचा सप्रेम जय भीम.

तुमची शुगर, वहिनींची कंबर, आईंचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. (हे मनापासून विचारतोय, चार्टसाठी नाही.) तुमची बहीण आणि आमची मिनल रविवारपासून तळेगावात तुमच्याकडे आहेत. भाग्यश्री फोन उचलत नाही, चिखलीतलं घर खायला उठतं, आणि दोघी परत येतील की नाही या धास्तीनं घास उतरत नाही. म्हणून हे पत्र.

मिनल तिसरीत गेली तरी वाचताना अडखळते, म्हणून ताथवड्यात एका मॅडमकडे नेलं. त्यांनी तपासलं नि म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण वाचनाची ही अडचण पुष्कळदा आनुवंशिक असते. दोन्ही घराण्यांत कुणाला होती का? पुढेही त्या बरंच बोलल्या. एकाच जनुकाचं हे काम नसतं, अनेकांचा थोडाथोडा हात असतो, यात दोष कुणाचाच नाही, नीट शिकवलं तर वाचेल. पण माझं डोकं ‘घराण्यांत’पाशीच अडकलं. मी पडलो चाकणच्या कंपनीत क्वालिटीचा माणूस. पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही माशाचा सांगाडा काढतो, डोक्यात दोष आणि काट्यांवर संभाव्य कारणं. तसाच चार्ट मोठ्या कागदावर काढून हॉलच्या भिंतीवर लावला. वरच्या काट्यांवर तुमची माणसं, खालच्यांवर आमची. तुम्ही दहावीला तीनदा बसलात म्हणून तुमच्याभोवती लाल गोल. (राग मानू नका, आमच्या भिवाआजोबांभोवतीही होता. ते शाळेतच गेले नव्हते हे नंतर लक्षात आलं.) सोजरआत्याला फोन करून विचारलं, लहानपणी उलटी अक्षरं काढायचीस का, तर तिनं माझी अक्कल काढली.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण शनिवारी मिनल त्या कागदासमोर उभी राहिली, माशाच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि जराही न अडखळता वाचलं, “मिनल. दोष.” दादा, मी मूर्खानं टाळ्या वाजवल्या! इतकं सरळ तिनं कधी वाचलंच नव्हतं हो. मग तिचं तोंड बघितलं. भाग्यश्री बॅग भरायला लागली.

कागद फाडून टाकलाय. वहिनींना नमस्कार, आईंच्या पाया पडतो.

तुमचा, जिवाला घोर लागलेला दाजी
प्रितम

ता. क. तुमचा लाल गोल मी मागे घेतलाय. तरी राहवत नाही म्हणून विचारतो, तुम्हालाही वाचताना त्रास व्हायचा का? व्हायचा असेल तर मिनलला सांगा. तिला वाटतंय, जगात ती एकटीच अशी आहे.

आणखी एक. खालची ओळ तिची आहे. कुणी वाचून दाखवू नका, घाई करू नका. (‘पप्पा’त जोडाक्षर येतं म्हणून बाबा लिहिलंय, तिला कळेल.)

मिनल, तू घरी ये. बाबा चुकला.