क्लेमची हजेरी

सिलबर्न, ३ जून १९८६

म्युरिअल,

नाही म्हणजे नाही! मेट्रनच्या फोनवरून मला झापायचा हक्क तुला दिला कोणी? अख्खा व्हरांडा ऐकत होता. क्लेम, तू तिथंच बस, म्हणे. मी काय खांबाला बांधलेलं कुत्रं आहे?

नमस्कार राहिला, तो घे. वि. वि. अशी, की सहा महिने एकाही सभेला गेलो नाही तर कौन्सिलमधली माझी जागा आपोआप जाते. वीस वर्षं लोकांनी निवडून दिलेला माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखं नाव कापतात. शेवटच्या सभेला बसलो तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एनिडला इथं नर्सिंग होममध्ये आणायच्या आधी. मार्चच्या शेवटी एका दिवसासाठी आलो ते कमिटीबरोबर स्पर्लिंगच्या डुकरांच्या शेडची जागा बघायला. ती पाहणी हजेरीत धरतात का? धरत असतील तर मला सप्टेंबर अखेरपर्यंत सवड आहे. नसतील तर ऑगस्टच्या आत एकदा तोंड दाखवून यायला हवं. तू कौन्सिलच्या चिटणिसाच्या, त्या प्रॉबर्टच्या ऑफिसात जन्मभर टाइपरायटर बडवलास, तुला माहीत असणार.

रजा मागितली तर सभा मंजूर करते, ते माहीत आहे. पण सभेतल्या स्पर्लिंगच्या टोळक्यासमोर बायकोचं दुखणं मांडायचं आणि त्यांनी हात वर करून दया दाखवायची, ते मला जमायचं नाही.

एनिड बरी आहे. कस्टर्ड खाते, वरची साय मला देते. डॉक्टर हल्ली फक्त हवेपाण्याचं बोलतो, त्यावरून काय ते समज.

राग आहे, पण लोभही आहे.
क्लेम


लोअर थॅकली, ९ जून

प्रिय क्लेम,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद, तुला हवे असोत नसोत. वि. वि.

पाहणी हजेरीत धरतात. गुडघाभर चिखलात सगळी कमिटी उभी, अध्यक्ष हजर, प्रॉबर्ट छत्री धरून हजर. ती सभा नाही तर काय सहल होती? सप्टेंबरपर्यंत निर्धास्त बस. तुझं टपाल मी बघते, तुझ्या टोमॅटोंना पाणी घालते, तुझ्या मांजरीचे नखरे सोसते. तू फक्त एनिडपाशी बस.

मागच्या रविवारी मी आले होते आणि तू पेपर आणायला गेलास, तेव्हा आम्ही दोघी पोटभर बोललो. बायकांचं बोलणं, विचारू नकोस. मधुचंद्राला हॉटेलच्या खिडकीतून तू समुद्र सोडून रस्त्यातल्या गटाराचं झाकण बघत बसला होतास, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. सांगताना ती इतकी हसली की नर्स धावत आली.

तिला माझा एक मुका. तुला अर्धा.
म्युरिअल


सिलबर्न, २४ ऑगस्ट

प्रिय म्युरिअल,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

एनिड आता खात नाही. पाणी कापसाने ओठांना लावतात. डॉक्टर म्हणतो, आज नाही, उद्या नाही, पण ख्रिसमसची तयारी करू नका.

नऊ सप्टेंबरला सभा आहे आणि स्पर्लिंगची शेड मतदानाला येतेय. शाळेच्या कुंपणाला लागून हजार डुकरं! आमचे आणि त्यांचे हात जवळपास सारखे, माझा एक पडला तर शेड अडते. शिवाय हजेरीचंही भागतं. सकाळी गाडी घेऊन निघतो, अंधार पडायच्या आत परत. तेवढा दिवस तू इथं येऊन बसशील का? तुझ्याशिवाय कोणापाशी तिला ठेवणार?

एनिडला सांगितलं. ती नुसती भिंतीकडे वळली. औषधाची गुंगी असते.

तुझ्या भरवशावर आहे.
क्लेम


लोअर थॅकली, २९ ऑगस्ट

प्रिय क्लेम,

आशीर्वाद. वि. वि. एकच.

जाऊ नकोस. शेड गेली खड्ड्यात. डुकरं काय, आज ना उद्या येणारच, स्पर्लिंगच्या आजोबांच्या वेळेपासून येताहेत. तुझ्या एका हाताने काही अडायचं नाही, हे मी सांगते म्हणून मान. का, ते विचारू नकोस. तिचा हात धरून बस. एक दिवस कौन्सिल तुझ्याशिवाय जगेल.

तरी जाणारच असशील तर मी आदल्या दिवशी पोचते. तिला एकटीला सोडू देणार नाही. पण क्लेम, तिने भिंतीकडे तोंड केलं त्याला गुंगी म्हणू नकोस.

तुझीच,
म्युरिअल


लोअर थॅकली, १६ सप्टेंबर

म्युरिअल,

तुझं घर माझ्या दारातून दिसतं, तरी लिहितोय. कारण तोंड उघडलं तर गाव जमेल. परवा कबरीपाशी तू माझा हात धरायला आलीस आणि मी खिशात घातला, तो का, तेवढं समजून घे.

नऊ तारखेला कौन्सिलच्या गावी, मार्केट हॅडबीला पोचलो. सभागृहाच्या दारात प्रॉबर्ट आडवा आला आणि कानात म्हणाला की, मिस्टर ऑटवे, तुम्ही ऑगस्टपासून सभासद नाही. मी म्हटलं, मार्चमधल्या पाहणीला होतो. तो म्हणाला, पाहणी म्हणजे सभा नव्हे, चिखल तुडवला तरी नव्हे, नियम तुमच्या बहिणीनेच टाइप केलेला. मग मला चहा हवाय का, म्हणाला. मी मागच्या बाकावर, लोकांसाठी असतं तिथं, स्पर्लिंगच्या गड्यांशेजारी बसलो. अंगाला त्यांच्या डुकरांचाच वास. समोर माझी खुर्ची रिकामी आणि शेड एका मताने मंजूर. गडी टाळ्या वाजवत होते, एकाने माझ्याही पाठीवर थाप मारली.

तिथून सुटलो तो थेट सिलबर्न. वर आलो तर तू खिडकी उघडत होतीस आणि चादर तिच्या तोंडावर ओढलेली होती.

पोटनिवडणूक मागायला दोन मतदारांच्या सह्या लागतात. पहिली तुझी, हेही प्रॉबर्टनेच सांगितलं. तुला माहीत होतं. ऑगस्टमध्ये जागा गेली तेव्हाही माहीत होतं, आणि तरी तू मला एनिडच्या मरणाच्या दारातून त्या बाकावर जाऊ दिलंस. का? मी पुन्हा उभा राहतोय. जागा परत घेईन, मग तुझं नाव घेणार नाही.

लोभ संपला.
क्लेमेंट ऑटवे


लोअर थॅकली, २० सप्टेंबर

क्लेम,

वि. वि. मीही उभी राहतेय. प्रचाराला हिरवी फीत लावणार आहे, पांढरी तू ठेव. तुझ्या मांजरीने माझ्या पलंगाखाली पिल्लं घातलीत, घेऊन जा.

म्युरिअल


लोअर थॅकली, १२ ऑक्टोबर

म्युरिअल,

नमस्कार वगैरे काही नाही.

काल मिल लेनला दारोदार फिरलो. मिसेस डॉसेटच्या छताचं गळणं मी तीनदा भांडून दुरुस्त करून दिलं होतं. तिने दार बोटभर उघडलं आणि विचारलं, बायको शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी गटारांच्या सभेला गेलो, हे खरं का? मी म्हटलं, गटारांची नव्हती, डुकरांची होती. बोलून गेलो आणि कळलं काय बोललो. ती हसलीसुद्धा नाही. पुढच्या दारातही तेच. त्याच्या पुढच्या दारात कुत्रं सोडलं.

हे कोणी सांगितलं यांना? स्पर्लिंगला एवढी अक्कल नाही. तूच सांगितलं असशील तर तसं लिही. बहीण म्हणून नाही, माणूस म्हणून लिही.

क्लेमेंट


लोअर थॅकली, २८ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

आशीर्वाद देत नाही, तू परत पाठवशील. वि. वि.

मीच सांगितलं. प्रत्येक दारात, फीत नीट करत करत सांगितलं. म्हणून मी निवडून आले, स्पर्लिंग दुसरा आणि तू तिसरा. निकालाच्या टेबलापाशी तू स्पर्लिंगचा हात हातात घेतलास आणि माझा नाही, ते गावाने पाहिलं. त्यामुळेही दोन मतं मला पुढच्या वेळी मिळतील.

आता तुझ्या त्या 'का?'चं उत्तर.

तू पेपर आणायला गेला होतास त्या रविवारी एनिडने माझं मनगट धरलं. तिच्यात तेवढा जोर होता तेव्हा. म्हणाली की, म्युरिअल, वीस वर्षं तो संध्याकाळी दाराशी कोट चढवत असतो आणि मी बंद दाराशी बोलते. मरताना तरी त्याला कुठं जायचं नसावं. असं काहीतरी कर की त्याची जागा जाईल आणि त्याला कळायच्या आत मी गेलेली असेन. मी म्हटलं, जागा गेली तर तो मरेल. ती म्हणाली, मरू दे, पण माझ्या शेजारी बसून.

म्हणून मी पाहणीचं खोटं लिहिलं. ऑगस्टमध्ये जागा गेली, तेव्हा तिला कानात सांगितलं. तिने डोळ्यांनी विचारलं, त्याला कळलंय का? मी मान हलवली, नाही. मग नऊ तारखेच्या सभेचं तुझं पत्र आलं. मी तुला खरं सांगणार होते, तसं पत्रही लिहायला बसले होते. पण भेटायला आले तेव्हा तिने अडवलं. म्हणाली, काही सांगू नकोस, जागा आहे असं वाटत असताना तो राहतो का, ते मला बघायचंय. तेवढं बघितलं की झालं.

तिने बघितलं, क्लेम.

तू म्हणशील, हे सगळं तिच्यासाठी, तर निवडणुकीत तू का उभी राहिलीस? कारण मला ती खुर्ची हवी होती. मी तीस वर्षं तुमच्या सभांची टिपणं टाइप केली, तुमच्यातल्या निम्म्यांना वाचताही येत नव्हती. लाज वाटली तर वाटली. एनिडने तुला माझ्या हवाली केलं आणि मी तिचंही काम केलं, माझंही.

नऊ तारखेला दुपारी ती तुला विचारत होती. मी म्हटलं, खाली गाडी लावतोय, येईलच. ती म्हणाली, मग वेळ लागेल, त्याला कधी सरळ लावता येत नाही. त्यानंतर जिन्यावर पाऊल वाजलं की डोळे उघडायची. चहाची ट्रॉली आली, नर्स आली, शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा मुलगा आला. दर वेळी उघडायची. शेवटी मी जिन्याकडचं दार लावून घेतलं.

आज माझी पहिली सभा आहे, आणि बस वळणावर दिसतेय. हे तुझ्या दाराच्या फटीतून टाकते. तू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन वाकून उचलशील तोवर मी बसमध्ये असेन. मागून हाका मारू नकोस, शेजारी बघतात.

म्युरिअल