बैल न पाहताच मारलेला शेरा

सोलापूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८५१

म्युनिसिपालिटीनं माझं टेंडर फेटाळलं. शहराचा कचरा वाहण्याचा मक्ता दुसऱ्याला. कारण काय, तर माझे बैल अशक्त! पाहिले कोणी? गोठ्यात एक माणूस फिरकला नाही. हेडक्लार्क म्हणे, "शेरा वर गेलाय, आता बोलून उपयोग नाही." नुसता संताप होतो.

आणि संध्याकाळी तो नवा मक्तेदारच दारात! स्वतःकडे एक बैल नाही. म्हणतो, "तुमचे बैल लई दमदार हायत की. भाड्यानं द्या."

मी म्हणालो, "हेच कागदावर लिहून द्या, मग बघू." शहाण्याने सहीसकट लिहून दिलं!

उद्या कागद घेऊन कलेक्टरसाहेबांकडे जाणार. ऐकतील का? नाही ऐकलं तरी त्या चोराच्या गाड्यांना माझे बैल जुंपणार नाही.