तुरुंगात न गेलेला विद्यार्थी

प्रिय थिलो,

तुझी मळक्या कपड्यांची पेटी टपालाने पोचली. या वेळी ती मी स्वतः उघडली, आईला हात लावू दिला नाही. कारण माझा तुझ्यावर संशय आहे, आणि तो काही आजचा नाही. शेजारच्या वकिलांचा मुलगाही रोडेनश्टाटलाच शिकतो. त्याच्या सदऱ्यांना बिअरचा वास येतो, बाह्यांवर शाईचे डाग असतात. एकदा तर कॉलरवर तलवारीच्या द्वंद्वातलं रक्त होतं, आणि ते धुण्याआधी त्याच्या आईने अख्ख्या गल्लीला दाखवलं. तुझ्या सदऱ्यांना सरसाचा वास येतो. खिसे उलटे केले की लाकडाचा भुसा पडतो. शाई कुठेच नाही. कायदा शिकवताना रंधा मारणारा असा कुठला प्राध्यापक तुला मिळालाय, ते एकदा कळव.

आई भोळी आहे. ती म्हणते, "जुनी बाकं असतील गं, भुसा गळत असेल." बाबा मात्र भोळे नाहीत, आणि त्यांची काळजी वेगळी होती. तू अभ्यास करतोस की नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. तू विद्यापीठाच्या तुरुंगात अजून एकदाही कसा गेला नाहीस, हे मात्र ते गेल्या रविवारपर्यंत रोज विचारत. आजोबा तिथे जाऊन आले. बाबा दोनदा गेले, आणि तिथल्या भिंतीवर काजळीने काढलेली त्यांची छाया अजून आहे म्हणतात. महिन्यापूर्वी जेवताना त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगा आजारी तर नाही ना? की धार्मिक झालाय?" आई म्हणाली, "अहो, शहाणा असेल." त्यावर बाबा म्हणाले, "आमच्या घराण्यात? छे!" नुसते रस्त्यावरचे दिवे फोडले, रेक्टरसाहेबांच्या खिडकीखाली कोंबड्यासारखे आरवले, तरी जे तीन दिवसांत साध्य होतं ते आपल्या मुलाला दीड वर्षात जमू नये, याचं त्यांना खरंखुरं दुःख होतं.

तुला या विद्यापीठाचा इतिहास कुणी शिकवला नसेल, कारण शिकवणाऱ्यांनाच तो अडचणीचा आहे. मी वाचलाय. आपल्या ड्यूकमहाराजांनी पहिली बायको जिवंत असताना दुसऱ्या लग्नाची परवानगी रोमकडे मागितली. पोपने ती नाकारली आणि समजूत काढावी म्हणून विद्यापीठ काढायची परवानगी धाडली. बाई मिळाली नाही म्हणून निघालेली ही संस्था! मग पुढची चारशे वर्षं तिने बाईला दारात उभं केलं नाही, यात नवल ते काय? पहिल्या वर्षी तीन प्राध्यापक होते. त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नसत आणि तिसऱ्याला ऐकू येत नसे, म्हणून ते वर्ष विद्यापीठाच्या इतिहासातलं सर्वांत शांततेचं वर्ष मानतात. पुढे नगरपालिकेने बिअर महाग केली, तेव्हा गुरू आणि शिष्य हातात हात घालून, पुस्तकं गाड्यांत भरून, शेजारच्या खेड्यात निघून गेले. तिथली बिअर आंबट निघाली. महिन्याभरात सगळे परत आले आणि त्या पराभवाचा दिवस आजही झेंडे लावून साजरा करतात. फ्रेंचांच्या स्वारीत घोडे ग्रंथालयात बांधले होते. ते पानं खात, आपले पंडित नुसती उलटतात.

पण या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट त्यांनी जिवापाड जपली. ती म्हणजे त्यांचा न्याय. विद्यार्थ्याला गावच्या पोलिसाने हात लावायचा नाही. फार तर नाव विचारायचं आणि विद्यापीठाच्या चोपदाराला बोलवायचं. चोपदार येणार, टोपी काढून अदब दाखवणार आणि गुन्हेगाराला विद्यापीठाच्या स्वतःच्या तुरुंगात नेणार. तिथे शेजारच्या खाणावळीतून भाजलेली बदकं मागवून पोरं शिक्षा भोगणार. तो जुना पूल अर्धा गावाचा आणि अर्धा विद्यापीठाचा. बाबांच्या काळी पोरं बरोबर मध्यावर उभी राहून पोलिसांना म्हणत, "या काका, आणखी एक पाऊल टाका ना, घाबरता काय?" आणि बिचारा पोलीस मिशा चावत उभा. मी महिला मंडळाच्या सभेत यावर बोलले होते. म्हटलं, बायांनो, दारावर विद्येची देवता कोरली आहे, ती दगडाची आहे म्हणून तिला तिथे राहू देतात. तिने एकदा खाली उतरून वर्गात बसायचं म्हटलं, तर चोपदार तिला हाकलून देईल, आणि तिला मात्र गावच्या पोलिसाच्या हवाली करील! टाळ्या पडल्या. बोर्नेमानबाईंनी तर रुमाल हलवला.

या औषधवाल्या बोर्नेमानबाई गेल्या रविवारी कॉफीला आल्या होत्या. बहिणीकडे रोडेनश्टाटला जाऊन आल्या होत्या. केकचा पहिला घास तोंडात असतानाच म्हणाल्या, "अगबाई, तुम्हाला कळलं नाही वाटतं? तुमचा थिलो पकडला गेला! मासळीबाजारात मारामारी केली, आणि दोन पोलीस दंडाला धरून नेत होते त्याला." आईने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल. ती चक्क उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "देवा, झालं एकदाचं!" बाबा क्लबमध्ये होते, ते येताच तिने दारातच सांगितलं, "पोरगा आत गेला हो!" बाबांनी टोपी न काढता तिचा मुका घेतला. आपल्या म्हाताऱ्या मोलकरणीलाही वाइनचा पेला मिळाला. घरात असा आनंद तू जन्मलास तेव्हा झाला होता म्हणे.

मी एकटी हिशेब करत होते. दोन पोलीस, थिलो. दंडाला धरून. चोपदार कुठे होता? मी बोर्नेमानबाईंना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, नेलं कुठे? म्हणाल्या, "कुठे म्हणजे? चौकीत, चोराचिलटांबरोबर. दुसऱ्या दिवशी एक जाडा मिस्त्री आला सोडवायला, दाढीत सगळा भुसा. 'हा माझ्या कारखान्यातला आहे, माझ्या जबाबदारीवर सोडा,' म्हणाला. मला बाई काही कळलंच नाही." मला कळलं. रोडेनश्टाटमध्ये विद्यार्थ्याला चौकीत टाकता येत नाही. चौकीत टाकला तो विद्यार्थी नव्हे. तुझं नाव पटावरून गेलंय, कदाचित वर्षापूर्वीच. ज्या एका बातमीने बाबांचा संशय फिटला, त्याच बातमीने माझा खरा ठरला.

बोर्नेमानबाईंना मी सांगितलं की हा विद्यापीठाचा काही नवा नियम असेल, आणि हे चारचौघांत बोलू नका. त्यांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. त्यांनाही संशय आला आहे, पण माझ्यावर. मी या जन्मात कधी विद्यापीठाची बाजू घेतली नव्हती.

आता खरी गोष्ट ऐक. बाबा पेन्टेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत तिकडे येणार आहेत. तुझ्या खोलीवर नाही, थेट तुरुंगात. आपल्या छायेशेजारी तुझी छाया पाहायची आहे त्यांना. चोपदाराला तुझं नाव विचारतील, आणि तो पट उघडून म्हणेल, असा कुणी नाही. मग काय होईल ते तुला माहीत आहे. त्याच गाडीने तुला घरी आणतील आणि काकांच्या कचेरीत टेबलाला बांधतील. तू काय घडवतोस तिथे, खुर्च्या की पियानो, मला ठाऊक नाही, पण सदऱ्यांच्या कोपरांवरून दिसतं की मन लावून घडवतोस. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. मला जी जागा कुणी देत नव्हतं ती तू टोपीसारखी काढून ठेवलीस, याचा राग आला होता. दोन रात्री आला. मग गेला. नको असलेल्या जागेवर बसणं हीसुद्धा शिक्षाच.

मी हे पत्र का लिहिते ते आता सांगते. येत्या हिवाळी सत्रापासून रोडेनश्टाटमध्ये बायकांना वर्गात बसून ऐकायची मुभा मिळाली आहे. परीक्षा नाही, पदवी नाही, प्राध्यापकाने नाक मुरडलं तर उठून जायचं. तरी पण आत! महिनाभर मी बाबांच्या मागे लागले होते. परवा ते तुझ्या पराक्रमाच्या खुशीत होते, तेव्हा हो म्हणाले. अट एकच: "तुझा भाऊ तिथला विद्यार्थी आहे म्हणून पाठवतो. तो नसता, तर नाव काढू दिलं नसतं." तू पटावर नाहीस, तर मीही नाही. सत्य बोला म्हणून मी किती व्यासपीठांवर गर्जले, थिलो, आणि आज तुला हे सांगते आहे: उन्हाळी सत्राची नोंदणी अजून आठवडाभर खुली आहे. जा आणि नाव घाल. दिवसा खुशाल रंधा मार, कायद्याच्या तासांना शरद ऋतूपासून मी बसेन. आणि नाव घातल्यावर लगेच काहीतरी कर. दिवे फोड, आरव, ड्यूकच्या पुतळ्याला परकर नेसव, काय वाटेल ते, पण पुलाच्या विद्यापीठाच्या बाजूला उभा राहून कर, आणि चोपदार येईपर्यंत पळू नकोस. चारशे वर्षांत त्या तुरुंगाचा कुणाच्या शिक्षणाला उपयोग झालेला नाही. माझ्या होऊ दे.

तुझ्या अटकेची वाट पाहणारी,
तुझीच
हेडविग