स्टेपमदरचा अर्थ

मावशी, सकाळी शब्दकोश मिटला आणि तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असूनही.

माझी आई गेल्यावर वर्षाच्या आत तू देवणीकडच्या खेड्यातून वडिलांशी लग्न होऊन नांदेडला आमच्या घरी आलीस. तू एकोणीस वर्षांची, मी दहा. वडील कचेरीत कारकून. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, शाळा उर्दूतून चालायची आणि त्या वर्षी आम्हाला इंग्रजी सुरू झालं होतं. त्याचं तुला केवढं कौतुक! एका दुपारी तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, मी पुस्तक घेऊन दाराशी. तू विचारलंस, "इंग्रजीत मला काय म्हणत्यात गं?" मी म्हणाले, "स्टेपमदर." तू तो शब्द दोनदा तोंडात घोळवलास, हसलीस आणि अर्थ विचारलास.

"मदर म्हंजे आई. स्टेप म्हंजे पायरी. पायरीवरची आई. घरातली न्हाई."

तुझा हात परातीतच थांबला. तू रागावली नाहीस, वडिलांच्या कानावरही घातलं नाहीस. संध्याकाळी आम्हाला वाढून झाल्यावर मात्र आपलं ताट घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसलीस. वडिलांनी विचारलं तर म्हणालीस, हितं वारं लागतंय. दुसऱ्या दिवशीही तेच, मग रोजच. मी खाली मान घालून जेवते आहे, मधूनच तुझी पाठ दिसते आहे, आणि 'आत ये' एवढं काही माझ्या तोंडून निघत नाही. पुढं रझाकारांचा धुमाकूळ वाढला तसं वडिलांनी आपल्या दोघींना तुझ्या माहेरी धाडलं. तिथं मला ताप भरला. अकरा दिवस तू माझ्या उशाशी बसून राहिलीस. मी उठले, आणि त्याच तापानं तू अंथरूण धरलंस ते उठलीच नाहीस.

आज नातीला एक स्पेलिंग दाखवायला कोश उघडला आणि नजर नेमकी त्या शब्दावर पडली. त्यातल्या 'स्टेप'चा पायरीशी काही संबंधच नाही, मावशी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला तो वेगळाच शब्द. जवळचं माणूस गेलेलं, पोरकं, असा त्याचा अर्थ. स्टेपचाइल्ड म्हणजे मुळात पोरकं लेकरू, आणि त्या लेकराची जी आई होते ती स्टेपमदर. मी तीनदा वाचलं. नात विचारत होती, आजी, काय झालं. म्हणजे त्या शब्दातला 'स्टेप' तुझा नव्हताच, माझा होता. मी तुला ज्या शब्दानं बाहेर काढलं, त्यात तू मला पोटाशी घेऊन बसलेली होतीस.

शेवटी नातीला म्हणाले, आमच्या शाळेत हा शब्द चुकीचा शिकवला होता. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकणार आहे. कारण इंग्रजीच्या बाईंनी वर्गात मराठीतून 'सावत्र आई' एवढंच सांगितलं होतं. पायरी मी माझ्या मनानं घातली.