गोंगाटात तुला ऐकू यायचं

माय, आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या वयाला मी केव्हाच मागे टाकलंय. तुला वाचता येत नव्हतं, हेही मला ठाऊक आहे. पण मला जे कळलं ते आधी तुला कळायला हवं होतं, आणि ते मनात ठेवून फिरणं आता मला जमत नाही.

गोष्ट तुझ्या कानांची आहे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तुला कमी ऐकू यायला लागलं, आणि त्याच सुमाराला दुष्काळ पडला. जळकोटाच्या रस्त्यावर सरकारी काम निघालं आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. तू, आत्या, गल्लीतल्या सगळ्या बाया. शाळा सुटली की मीही तिथंच यायचे, धाकट्याला बाभळीच्या सावलीत सांभाळायला. दुपारी सुकडी मिळायची, तो गोडसर भुगा ओंजळीत घेऊन आपण तिघं खायचो. हातोड्यांचा आवाज, ट्रकची घरघर, मुकादमाच्या शिव्या. बाया एकमेकींशी ओरडूनच बोलायच्या. आणि तिथं तू वेगळीच असायचीस. कुणी थट्टा केली की तू हसायचीस, उलटून उत्तर द्यायचीस. मी काही विचारलं की पहिल्याच हाकेला मान वळवायचीस. घरी जे बोलता यायचं नाही ते मी तिथं बोलून घ्यायचे. एसटीतही तसंच व्हायचं. रेणापूरला तुझ्या माहेरी जाताना इंजिनाच्या त्या खडखडाटात तू मला तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायचीस. मला वाटायचं, माय घराबाहेर पडली की खूश असते, म्हणून तिला ऐकू येतं.

आत्याला तसं वाटत नव्हतं. ती संध्याकाळ मला अजून दिसते. तू चुलीपुढे बसली आहेस, पाठ आमच्याकडे. पाळण्यात धाकटा रडून रडून लालबुंद झालाय आणि तू शांतपणे भाकरी थापते आहेस. आत्या पाण्याची घागर घेऊन दारातून आत येते, बाळाला उचलते आणि तुझ्यासमोर जाऊन उभी राहते.

"कामावर बायांच्या टवाळक्या बऱ्या ऐकू येत्यात तुला, अन् लेकरू रडून राहिलं ते न्हाई ऐकू येत?"

"न्हाई आलं ऐकू, अक्का," तू म्हणालीस. तुझा आवाज नेहमीसारखाच हळू.

"बहिरी मानसं वरडून बोलत्यात. हिचा आवाज तर उंबऱ्याच्या भाईर जाईना. सोंग हाय ह्ये सारं, कामचुकारपनाचं."

बाबा ओसरीवर होते. ते आत आले नाहीत. पुढच्या आठवड्यात तुझ्या भावाला निरोप गेला आणि तू धाकट्याला घेऊन रेणापूरला गेलीस. मला ठेवून घेतलं, भाकरी कोण करणार म्हणून. बाबांचं दुसरं लग्न लावायची बोलणी घरात माझ्यादेखत व्हायची. पाऊस पडल्यावर, पेरणीला माणूस हवं म्हणून, तुला परत आणलं. तू परत आलीस ती जवळजवळ मुकीच होऊन. विचारलं तेवढ्याला मान हलवायचीस. गावात तुझं नाव 'सोंगाडी' पडलं ते पडलंच. खरं सांगायचं तर मलाही कधी कळलं नाही, तुला नक्की ऐकू येतं की नाही. मी फक्त तुझ्या बाजूने होते.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि मला कलेक्टर कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. एवढं तू पाहिलंस. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस, पंचवीस मशिनी एकदम खडखडत होत्या, आणि तू किती दिवसांनी माझ्याशी पोटभर बोललीस! शेजारची बाई म्हणाली, तुमच्या आई फार गोड बोलतात. वर्षभरात काविळीने तू गेलीस. तेव्हा माझी मुलगी पोटात होती.

तिच्यानंतर मला कमी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं, साहेबच पुटपुटतात. मग घरात मुलं मागून हाक मारायची ती कळेना. मी कुणाला सांगितलं नाही. आईसारखी लेक, असं कुणी म्हणेल याची भीती होती. केस कानांवर ओढून अंबाडा घालून, समोरच्याच्या ओठांकडे बघत मी कितीतरी वर्षं काढली. टायपिंगच्या खोलीत मला काही अडचण येत नसे, म्हणून मीही स्वतःबद्दल विचार करू लागले होते, आपणही सोंगच करतोय की काय?

शेवटी मुलीनेच मला धरून नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. कानाच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी एक चिमट्यासारखा लोखंडी नादकाटा ठोकून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर तो आवाज स्पष्ट यायचा, हवेतून नाही. मग त्यांनी विचारलं, "मावशी, गोंगाटात तुम्हाला जास्त बरं ऐकू येतं का? गिरणीत, एसटीत?"

मी म्हणाले, "मला येतं. माझ्या आईलाही यायचं. पण ती सोंग करायची, असं म्हणायचे."

"त्या हळू बोलायच्या का?"

"हो. फार हळू."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला समजावून सांगितलं. माय, आपल्या कानात तीन बारीक हाडं असतात. त्यातलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीसारखं, काही घराण्यांत हळूहळू जखडून बसतं. बायकांमध्ये जास्त, आणि कधीकधी बाळंतपणानंतर ते वाढतं. अशा माणसाला स्वतःचा आवाज डोक्याच्या आत मोठा वाटतो, म्हणून ते हळू बोलतं. आणि गोंगाटात बाकीचे ओरडून बोलतात. आजूबाजूचा कालवा या कानांना फारसा त्रास देत नाही, ते ओरडणं मात्र पोचतं. "त्यांना तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही जे सांगताय त्यात मला सोंग कुठंच दिसत नाही."

मी तिथंच, सगळ्या पेशंटांसमोर रडले. मुलगी घाबरली. तिला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी सुचवलेल्या ऑपरेशनची मला भीती वाटतेय. मला तर छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

त्या बाई याच आजारावर संशोधन करत होत्या, आपल्या भागातली घराणी शोधून. माझी, मुलीची, धाकट्याची तपासणी केली, रक्त घेतलं. मुलीचे कान चांगले आहेत, दर वर्षी दाखवायचं एवढंच. मग त्यांनी फळ्यावर आपलं घराणं काढलं, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. ज्यांना आजार आहे त्यांचे गोल त्या खडूने भरत होत्या. तुझ्या गोलाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, भरा.

उजव्या कानाचं ऑपरेशन जागेपणीच झालं. जखडलेल्या हाडाच्या जागी तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा बसवतात. अचानक ट्रेमध्ये चिमटा पडल्याचा असा आवाज आला की मी दचकले. नर्स पुटपुटली, "मावशी, हलू नका." आणि ते पुटपुटणं मला ऐकू आलं.

टाके निघाल्यावर मी आत्याकडे गेले. ती आता अंथरुणाला खिळलीय, पण डोकं शाबूत आहे. मी सगळं सांगितलं, भांडायला नाही. तिने उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मंग तवा कुनी सांगितलं का न्हाई आमाला?"

"कुणाला ठाऊकच नव्हतं, आत्या."

"लई बोलले गं मी तिला." तिने माझा हात धरला तो सोडला नाही. आता तिची सून सांगते, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या खाटेजवळ बसवून घेते आणि म्हणते, "माझी भावजय खरंच बहिरी हुती. नांदेडच्या डागदरीननं सांगितलंय." पोस्टमनलाही सांगितलं म्हणे. तुझी अब्रू तिनेच घालवली होती, आता तीच गावभर फिरून आणून देते आहे, खाटेवरून.

हे पत्र कुठंच जायचं नाही. पण एक गोष्ट राहिली, ती मुलीलाही सांगितलेली नाही. डाव्या कानाचं ऑपरेशन अजून व्हायचंय. डॉक्टर बोलावतात, आणि मी गुडघ्याचं, सांधेदुखीचं कारण काढते. दुपारी आडवी झाले की मी चांगला कान उशीत दाबते. मग पंखा, रस्ता, शेजाऱ्यांचा टीव्ही, सगळं लांब जातं. तू इतकी वर्षं जिथं एकटी होतीस, तिथं मी थोडा वेळ येऊन बसते. मला तिथं बरं वाटतं, माय.