कांद्याच्या पातीची नाडी

३ सप्टेंबर, सकाळी.
विद्यापीठातल्या लुओ बाई स्वतः दुकानात आल्या. नाडी ओळखणारं यंत्र बनवलंय म्हणे. आता परीक्षा: पडद्याआडच्या माणसाचं रक्त गेलंय की नाही, ते यंत्रानेही सांगायचं आणि मीही. जमलं तर दुकानावर विद्यापीठाची पाटी: ‘सल्लागार वैद्य थान शोयी’. मी चेंगदूत आलो तो दुसऱ्याच्या दुकानात औषधी मुळ्या चिरायला! थोडं नको-नको करून हो म्हटलं.
बायको, सुईयिंग, म्हणाली, “पाटी कुठे लावणार? माझ्या मिरच्या वाळतात तिथे?” दुर्लक्ष केलं.

५ सप्टेंबर.
तयारी. रक्त गेलेल्याची नाडी कांद्याच्या पातीसारखी लागते. वरून फुगीर, दाबली की आत पोकळ. पातीची जुडी आणून डोळे मिटून दाबत बसलो. सुईयिंगने ती माझ्या हातातून काढून नूडल्समध्ये चिरली.
निश्चय: रोज सकाळी स्वतःच्या नाडीवर बोटं जुळवून घ्यायची. निरोगी नाडीचा याहून चांगला नमुना कुठे मिळणार?
गुडघ्यासाठी गोळ्या घेतल्या. पाश्चात्त्य. दुकानात गिऱ्हाईक नसताना.

९ सप्टेंबर.
यंत्राला आधी निरोगी नाडी शिकवावी लागते. मीच हात पुढे केला. लुओ बाई म्हणाल्या, “काका, फिकट दिसताय.” म्हटलं, अभ्यासू माणसाचा रंग असाच असतो.
विद्यापीठाचा जिना चढताना थांबत गेलो, जुन्या वैद्यांच्या तसबिरी बघायला. वरच्या मजल्यावर तसबिरी नव्हत्या. तरी थांबलो.

१२ सप्टेंबर.
शौचाला काळं. कालच्या रश्श्यातली डुकराच्या रक्ताची वडी, दुसरं काय! वडी बंद.

१५ सप्टेंबर.
वडी बंद, तरी काळं. जुनी वडी असणार. असं गिऱ्हाईक आलं असतं तर तडक इस्पितळात पाठवलं असतं. पण गिऱ्हाइकाला स्वतःची नाडी थोडीच बघता येते?

१८ सप्टेंबर.
परीक्षा. पडद्यातून एकेक हात बाहेर. काही जण नुकतेच रक्तदान करून आलेले, काही तसेच. यंत्राचं आणि माझं उत्तर दरवेळी एकच! विद्यापीठातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्या आल्या सुईयिंगला मिरच्या हलवायला सांगितलं.

१९ सप्टेंबर.
खऱ्या उत्तरांचे लिफाफे उघडले. रक्त दिलेले सगळे आम्ही निरोगी ठरवलेत आणि न दिलेले सगळे आजारी. यंत्राने आणि मी, दोघांनी. मी म्हटलं, हल्ली लोक रक्तसुद्धा मनापासून देत नाहीत.
लुओ बाई म्हणाल्या, “काका, इतकं अचूक चुकायला नमुनाच उलटा असावा लागतो. बघू तुमचा हात.” बोटाला सुई टोचली. म्हणे अंगात निम्मंच रक्त आहे, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला.
सुई स्वस्तातली दिसत होती. दुकान उघडायचंय सांगून निघालो.

२० सप्टेंबर.
(इस्पितळातून. अक्षर नर्सच्या पेनमुळे वाईट.)
एका गिऱ्हाइकाची नाडी बघता बघता पडलो. रुग्णवाहिका त्यानेच बोलावली. वाटभर माझा हात धरून म्हणत होता, “वैद्यबुवा, धीर धरा.”

२२ सप्टेंबर.
पोटात व्रण, तिथून रक्त झिरपत होतं. डॉक्टरने विचारलं, गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेत होता का? सुईयिंग म्हणाली, “कुठल्या गोळ्या?” काउंटरखाली लपून घेत होतो, एवढं कबूल करून मी डोळे मिटले. “जगाला मुळ्या उकळून पाजता आणि स्वतः काउंटरखाली बसून गोळ्या गिळता!” शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसून हसून उठून बसला. त्याला टाके होते.

२७ सप्टेंबर.
लुओ बाई संत्री घेऊन आल्या. यंत्र झकास चालतंय, नुसता नमुना बदलावा लागला. नवा निरोगी नमुना सुईयिंग. परवा यंत्र इथे आणून तिचा हात त्यात ठेवला, माझ्याच खाटेवर बसून. पाटीचं मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.
त्या गेल्यावर सुईयिंगने माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, अगदी माझ्यासारखा चेहरा करून. मी विचारलं, काय लागतंय?
म्हणाली, “मला कुठे काय कळतंय? पण ती पेज संपवा आधी.”
संपवली.