मागच्या रांगेतला माणूस

घाटकोपर,
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय अनु,

मुलुंडच्या शाळेत माझी वेणी बाकाला बांधून ठेवणारी अनुपमा आज खासदार आहे, हे मला अजून खरं वाटत नाही. लग्नानंतर मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल चिडली असशील तर चीड, पण आधी हे वाच. घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

आमचे हे, श्यामकांत, इथल्या संरक्षण खात्याच्या डेपोत माल तपासतात. नौदलाच्या माणसांची, बुडू नये म्हणून घालायची जाकिटं त्यांच्याकडे येतात. दिवाळीनंतर आलेला माल ह्यांनी नापास केला. जाकिटाला वाळूचं पोतं बांधून हौदात सोडलं की थोडा वेळ तरंगतं आणि मग खाली जातं. साहेब म्हणाले, वाळूचं पोतं म्हणजे माणूस नव्हे, पास करा. ह्यांनी सही दिली नाही, तर दुसऱ्याकडून घेतली.

माझा नवरा म्हणजे कंडक्टरने सुटे परत दिले नाहीत तरी गुपचूप उतरणारा माणूस. त्याने काय करावं? एका रविवारी मला मनोरीला घेऊन गेले. मला वाटलं, चला, बायकोला फिरायला न्यायचं सुचलं एकदाचं. तर पिशवीत ते जाकीट, आणि धाकू कोळ्याची होडी आधीच ठरवलेली. खाडीच्या मध्यावर ह्यांनी जाकीट अंगात चढवलं आणि पाण्यात उतरले. पोहता येत नाही गं त्यांना. आधी तरंगले, माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग हनुवटी पाण्यात गेली, मग नाक. धाकूने कमरेला दोर बांधला होता म्हणून वर ओढता आलं. यापेक्षा आमचा डालड्याचा रिकामा डबा बरा, एवढंच तो म्हणाला. मी होडीतच रडत बसले.

तेव्हापासून डोळा लागत नाही. खालच्या शेवंतीवहिनींचा सहदेव नौदलाच्या जहाजावर आहे. परवा त्या कौतुकाने सांगत होत्या, माझ्या झिलाक नवीन जाकीट गावला, आता माका घोर नाय. मी चहा तसाच ठेवून वर आले.

आता परवा तुमची संसदेची समिती डेपो बघायला येणार, म्हणून सगळीकडे चुना आणि गेरू चाललाय. दुसरीकडून चांगली जाकिटं आणून पुढे टांगलीत. साहेबांनी तालीमसुद्धा घेतली. स्वतः खासदार होऊन प्रश्न विचारले आणि कोणी काय उत्तर द्यायचं ते पढवलं. ह्यांची खुर्ची मागच्या रांगेत. समितीने विचारलं तरच तोंड उघडायचं. उघडलं तर काय होईल तेही सांगून झालंय: चौकशी, बदली, क्वार्टर खाली. पोरींची शाळा इथे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. कुठे जायचं आम्ही? हे म्हणतात, विचारलं तर खोटं बोलणार नाही, पण आपणहून उठून बोलायची माझी छाती नाही. मी मनात म्हटलं, देवा, कोणी विचारू नये.

आणि काल पेपरात समितीच्या नावांत तुझं नाव वाचलं. म्हणजे विचारणारं कोणीतरी आहे, आणि तिला सांगू शकणारी मी एकटीच. हे पोस्टात टाकायला धजत नाही. माझी धाकटी बहीण शकु तुझ्या हातात आणून देईल. ह्यांना यातलं काही माहीत नाही, कळूही देऊ नकोस. मागच्या रांगेत जाड चष्म्याचा, मान खाली घालून बसलेला माणूस दिसेल. पुढे टांगलेली जाकिटं राहू देत. कोठीतलं एक मागव, आणि श्यामकांत असं नाव घेऊन एवढंच विचार, हे घालून तुम्ही स्वतः पाण्यात उतराल का? पुढचं ते सांगतील. मला फार भीती वाटतेय, अनु. तरी विचार.

तुझीच घाबरट,
पद्मजा